मागून खायचं नाही

आमच्या घरात कुणी काही मागत नसे. ताटातली भाकर संपली तर हात आवरून बसायचं. वाढणाऱ्याला ते दिसतं. आणि समजा नाहीच दिसलं, तर आपलं पोट भरलं असं धरून उठायचं. हा नियम आईने माहेराहून आणला होता. तिचं माहेर चांदूर रेल्वेच्या पलीकडचं एक लहान गाव. तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, लहान असताना त्यांच्या घरची माणसं संध्याकाळी टोपली घेऊन गावात भाकर मागायला जात. गावकीची कामं केल्याचा तो मोबदलाच होता, पण तो उंबऱ्याखाली उभं राहून, आवाज देऊन मागावा लागे, आणि वरून टाकला जाई. नागपूरला दीक्षा घेऊन आबा परत आले तेव्हा तरणेताठे होते. आल्या आल्या त्यांनी ती टोपली चुलीत घातली आणि सांगितलं, की या घरातलं माणूस यापुढे कुणाकडे काही मागणार नाही. आबांचा शब्द म्हणजे शब्द. तो त्यांच्या लेकरांनी पाळला, आईने अकोल्याला सासरी आणला, आणि मी तो पुढे नको तिथे नेला.

अकोल्यातलं आमचं घर बसस्टँडच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची लांब पडवी. बाबा एसटीत ड्रायव्हर, आणि पडवीत आईची मेस. शिकायला आलेली बाहेरगावची पोरं दोन्ही वेळेला जेवायला यायची, म्हणून घरात दिवसभर कसला ना कसला आवाज असायचाच. पहाटे भाकरी थापण्याचा, मग कुकरच्या शिट्ट्यांचा, मग ताटं विसळण्याचा, आणि उन्हाळ्यात या सगळ्यावर कुलरचा खडखडाट. अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी पत्रा असा तापायचा की जेवणारी पोरं घाम पुसू की घास घेऊ अशा गोंधळात पडायची. त्या कुलरमध्ये बादलीने पाणी भरणं हे माझं काम. मी कुरकुर करायची, पण करायची.

आई वाढायला निघाली की पाहत राहावं. बुधवारी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, रविवारी आलूवांगं, थंडीत तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, निघाले की सोल्यांची आमटी आणि भात. तिखट असं की बाहेरच्या पोरांच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि तरी ती बोटं चाटायची. आई ओळीच्या एका टोकाने सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचायची तेव्हा कुणाला काय कमी आहे ते तिला ठाऊक झालेलं असायचं. नव्या पोराने कधी मधूनच हाक मारली, "मावशी, भाकर", तर तिचा चेहरा उतरायचा. "मले दिसत नाई का रे?" असं ती म्हणायची. रागाने नव्हे, लागून. मागणं म्हणजे वाढणाऱ्याला तू आंधळी आहेस असं सांगणं, हे मी तिच्याकडून शिकले. शिकवायला तिने मला कधी समोर बसवलं नाही. पण बाकी सगळ्या गोष्टीही मी तिच्याकडून तशाच शिकलेय. आज ती त्याच घरात, त्याच पडवीच्या आतल्या खोलीत खाटेवर असते. लकव्याने तिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. मेस केव्हाच बंद झाली.

फुटबॉल मला मेसमुळेच मिळाला. जेवायला येणाऱ्यांत काही पोरं केरळकडची होती, आणि ती संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर खेळायची. परीक्षेच्या दिवसांत त्यांचे डबे मी मैदानावर पोचवायची आणि परत जायच्या नावाखाली तिथेच रेंगाळायची. एक दिवस त्यांचा माणूस कमी होता म्हणून मला पुढे उभं केलं. मैदान म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, आणि बॉल त्या भेगांवरून कुठेही उडायचा. मला पायाची फार कला नव्हती. पण रिकामी जागा मला दिसायची. दोन पोरांच्या मधली, बॉल अजून यायचा आहे अशी. मी तिथे जाऊन उभी राहायची आणि बॉल यायचा. ओरडायची गरजच नव्हती. ती पोरं माझ्या आईच्या हातचं जेवत होती, त्यामुळे खाल्ल्या भाकरीला जागून ती मला शोधून शोधून पास द्यायची. मला वाटलं, फुटबॉल असाच असतो.

बाबांना हे सगळं फारसं रुचलं नव्हतं. आपल्या इकडे पोरी खो-खो खेळतात, कबड्डी खेळतात. बॉलला लाथा मारून कुणाचं भलं झालं, असं त्यांचं म्हणणं. तरी अमरावतीच्या खेळाच्या वसतिगृहात माझी निवड झाली तेव्हा तेच माझी ट्रंक घेऊन आले. त्यांची ड्युटी अकोला-अमरावती गाडीवर असायची, आणि ते येताना आईचा डबा आणायचे. मी अमरावतीच्या स्टँडवर जाऊन तो घ्यायची. त्या डब्याची मला आजही कमाल वाटते. दोन दिवस मनात भरीत घोळत असावं, तर डब्यात भरीत. अंगात कसकस असावी, तर मऊ भात आणि मुगाचं वरण. मी फोनवर अक्षर बोललेली नसायची. बाबांना विचारलं तर म्हणायचे, तिले मालूम पडते. असे दोन हात पाठीशी असले की माणसाला वाटतं, सगळं जग असंच आपल्या ताटाकडे पाहत असणार.

मग देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तिथे मणिपूरच्या मुली होत्या, बंगालच्या होत्या, गोव्याच्या, ओडिशाच्या. पाळण्यातून उतरल्या त्याच बॉलवर, असा एकेकीचा खेळ. त्यांच्यात मी अकोल्याची. ते कुठे आलं, हे मला रोज सांगावं लागे. नागपूरच्या अलीकडे म्हटलं की संत्री, एवढं त्यांना कळायचं. एकीने सरळ विचारलं, की तू कोट्यातून आलीस का. मी नाही म्हटलं आणि त्याचाच मला नंतर राग आला. असते तरी काय झालं असतं. निवड चाचणीच्या सामन्यांत माझे गोल झाले होते म्हणून मला संघात घेतलं होतं, पण ते सामने नवख्या मुलींबरोबरचे होते. मुख्य संघाची मधली फळी लिंथोई नावाच्या मणिपुरी मुलीच्या ताब्यात होती. ती कॅप्टन. बुटकी, अबोल, आणि पायात असं काही की बॉल तिच्याजवळ आला की शांत व्हायचा. संघातला प्रत्येक पास तिच्यातून जायचा. थोडक्यात, वाढणारी ती होती.

ती मला वाढेना. सरावात मी धावून जागा काढायची, डिफेंडरला मागे ओढत दुसरीकडे न्यायची आणि उलटी वळून मोकळी व्हायची; लिंथोई एकदा माझ्याकडे पाहायची आणि बॉल डावीकडे बंगालच्या मुलीला द्यायची. मी परत जागा काढायची. परत तेच. मी गप्प राहते म्हणून पोरींनी माझं नाव 'सायलेंट मोड' ठेवलं होतं. मला वाटायचं, माझा खेळ त्यांना कमी वाटतोय, मी आणखी चांगली जागा काढली पाहिजे. बाकीच्या मुली मैदानावर सतत ओरडत असायच्या, हे मला ऐकू येत होतं. मला ते असभ्य वाटायचं. वर्षानुवर्षं देशासाठी खेळलेल्या कॅप्टनला मी काय सांगायचं, की तुला मी दिसत नाही? हा एवढा साधा घोटाळा होता, आणि तो माझ्या ध्यानात येत नव्हता, कारण मला तो घोटाळा वाटतच नव्हता. माझ्या लेखी ती रीत होती.

शेजारच्या एका डोंगराळ देशात स्पर्धा होती. थंडी अशी की तोंडातून वाफ निघायची. पहिले दोन सामने मी सुरुवातीपासून खेळले आणि दोन्हींत मिळून माझ्या पायाला बॉल लागला तो बहुतेक मैदानाबाहेर जाताना. स्ट्रायकरचं दुःख लोकांना कळत नाही. डिफेंडर स्वतः जाऊन बॉल हिसकावू शकतो, गोलकीपरकडे बॉल आपसूक येतो; पुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र दुसऱ्याने दिल्याशिवाय काही करता येत नाही. धावत राहा, दमत राहा, मोकळी जागा काढून तिथे उभी राहा, आणि ती जागा डोळ्यांदेखत बुजताना बघ. मी आयुष्यात पुष्कळ हरलेय, पण एवढी असहाय मी कधी झाले नव्हते. हरताना निदान आपण काहीतरी करत असतो. दुसरा सामना आम्ही हरलो आणि कोचने मला बाजूला बोलावलं. वाईट माणूस नव्हता. त्याने सांगितलं, की पुढच्या सामन्यात तुला ठेवतो, पण अर्ध्या वेळेनंतरही तुझ्याकडून काही दिसलं नाही तर काढेन, आणि मग परतल्यावर पुढच्या शिबिरात तुझं नाव घालणं माझ्या हातात राहणार नाही. परत शिबिरात नाव नाही म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्यासारखीला दुसऱ्यांदा कुणी अकोल्यातून शोधून नेणार नव्हतं.

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी फोन लावला. आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवली का वं?" मी हो म्हटलं आणि मग मला रडू फुटलं.   पाठीमागे ताटांचा आवाज येत होता, पोरं जेवायला बसत होती.

"आई, मले बॉलच देऊन नाई राहिल्या त्या."

"काहून?"

"काय मालूम. मी बरोबर जागी उभी रायते."

"तू मागतलं का?"

मी चिडले. म्हटलं, "आपल्यात मागतात का? तूच त शिकवलं."

 मग ती पडवीतून आत गेली असावी, कारण ताटांचा आवाज बंद झाला.

"आबानं भाकर मागाले मना केली होती," ती म्हणाली. "बाकीचंबी मागू नोको, असं मीच समजली. मले दहावीच्या पुढं शिकाचं होतं. रोज आबाच्या समोर पुस्तक घेऊन बसत होती मी. मागतलं नाई. वाटलं, आबाले दिसन. नाई दिसलं त्याले. मंग तुह्या बाबाचं स्थळ आलं."

हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईला शिकायचं होतं, हेच मला ठाऊक नव्हतं.  तिला तिकडे पोरांची पंगत खोळंबली होती. "उद्या मागजो," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

तिसरा सामना यजमान देशाशी होता. प्रेक्षक त्यांचे, गलका त्यांचा, आणि पहिल्या अर्ध्यात गोलही त्यांचाच झाला. मी आधीच्या सामन्यांसारखीच धावत होते. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. हसू येईल, पण तेव्हा मला आबांची टोपली दिसत होती, मी न पाहिलेली. अर्ध्या वेळेला कोच माझ्याशी काही बोलला नाही. बाहेर दुसरी मुलगी अंग गरम करू लागली होती. परत उतरताना मला वाटलं, ही जाईल आता माझ्या जागी, आणि मी अकोल्याला जाऊन कुलरमध्ये पाणी भरीन. मग एकदा लिंथोईच्या पायात बॉल होता, माझ्यापुढे मोकळं होतं, आणि ती डावीकडे वळताना मला दिसली.

"इकडे दे वं!"

वऱ्हाडीतच निघालं. हिंदी, इंग्रजी, काही सुचलं नाही. लिंथोईने दचकून माझ्याकडे पाहिलं. मला आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं असणार. आणि तिने दिला. अगदी पायात दिला. मी तो गोलपोस्टच्या इतक्या वरून मारला की मागच्या जाळीबाहेर शोधायला माणूस पाठवावा लागला. सगळं मैदान हसलं. आमच्या मेसमध्ये ताटात अन्न टाकून उठणाऱ्याला दुसऱ्यांदा वाढायला आई जायची नाही. मागितलेलं वाया घालवून परत तोंड उघडायचं, हे मागण्यापेक्षाही कठीण होतं. माझे कान तापले होते. बाहेर ती दुसरी मुलगी जर्सीची घडी नीट करत होती. कोच हात वर करायच्या बेतात असताना बॉल परत लिंथोईकडे आला, मी त्यांच्या दोघी डिफेंडरांच्या मधून पळाले आणि पुन्हा ओरडले, "दे! मले दे!" ती क्षणभर अडखळली. मग दोघींच्या मधून तिने बॉल सोडला. गोलकीपर पुढे आली, मी पायाच्या बोटाने ढोसला, तो तिच्या मांडीला लागून माझ्या नडगीवर आदळला आणि कसातरी घरंगळत आत गेला. याहून कुरूप गोल मी पुढे कधी केला नाही. सामना बरोबरीत सुटला.

त्या संध्याकाळी जेवताना लिंथोई माझ्यासमोर येऊन बसली. तिने हिंदीत विचारलं, की इतके दिवस ओरडली का नाहीस, मला वाटलं तुला बॉल नकोय, तू घाबरतेस. मी तिला आईच्या मेसचं सांगायचा प्रयत्न केला. तुला मागणं म्हणजे तुझा अपमान, असं काहीतरी. तिने भाताचं भांडं पुढे ओढलं. मग म्हणाली, "मैदान में बीस लोग भागता है. मैं किसको किसको देखेगी?" आणि तिने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात भात वाढला. पलीकडून बंगालची मुलगी ताट पुढे करून ओरडली, "दे वं!" सगळ्या हसल्या. पुढे मी संघात होते तोवर मैदानावर सगळ्या भाषांतल्या पोरी एकमेकींना 'दे वं' म्हणत. 'सायलेंट मोड' हे नाव गेलं ते गेलंच. त्या वर्षांत लिंथोईने मला किती पास दिले असतील त्याला गणती नाही, आणि प्रत्येक मी मागून घेतला.

रात्रीच्या जेवणाची पंगत उठली असेल अशा बेताने मी घरी फोन केला. बाबांनी मोबाइलवर सामना लावून पाहिला होता, पण चित्र थिजलं ते थिजलंच, त्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. आईने फोन घेतला.

"मागतलं का?"

"हो."

"देल्लं का त्याइनं?"

"देल्लं. पयलं वाया गेलं. मंग अखीन मागतलं."

"वाया गेल्यावरबी मागतलं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.  ती म्हणाली, "बरं केलं वं," आणि जेवण झालं का ते विचारलं.

तेव्हा मी तिला म्हणायला हवं होतं, की आई, तूही माग. अजून वेळ गेली नव्हती; चाळिशीपुढच्या बाया बारावीला बसतात. ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तिने ऐकलं असतं असं नाही. मी गोल मोजण्यात गुंतले. तिची मेस चालू राहिली.

खेळाडूचं म्हातारपण चाळिशीच्या आधीच येतं; माझे गुडघे तर साठीचे आहेत. खेळ सुटल्यावर मी अकोल्याला परत आले आणि आता आईजवळ असते. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी मला बजावून सांगितलंय, की तिला हवं ते लगेच हातात देत जाऊ नका. समोर धरा आणि थांबा. मागू द्या. एक अक्षर का होईना, तोंडातून निघालं पाहिजे. मागितल्याशिवाय वाचा परत येणार नाही. म्हणून मी रोज पाण्याचा ग्लास तिच्यासमोर धरून बसते. तिला तहान लागलेली आहे की नाही, हेही मला धड कळत नाही. जिला माझ्या मनातलं भरीत अकोल्याहून दिसायचं, तिच्यापासून तीन हातांवर बसून मला काही दिसत नाही. कधी पाणी नको असतं, गोधडी हवी असते. कधी खिडकी. मी एकेक करून सगळं समोर आणते आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहते.

"आई, मागजो," मी म्हणते. "दे म्हन. नुसतं दे म्हन."

ती माझ्याकडे पाहते. तिला सगळं समजतं. डावा हात पांघरुणावरून उचलून ती मांडीवर घेते आणि आवरून बसते, ताट रिकामं झालेल्या माणसासारखी. मी थांबते. बाहेर स्टँडवर गाड्यांची घोषणा होत असते. तिचे ओठ कोरडे पडलेले मला दिसतात, आणि बाईंनी कितीही बजावलेलं असलं तरी मग माझ्याने धीर धरवत नाही. मी ग्लास तिच्या ओठांना लावते.